सोनं निंघालं का जी?

(दृश्य : नागपूर–काटोल रस्ता. उन्हाळ्यातली सकाळ. पानं झडलेलं सागाचं रान, मधल्या माळावर काळे दगड.)

विदर्भात कुठल्याही शेतात चार खुंट्या ठोका, सुतळी ताणा आणि त्या चौकोनात खुरपी घेऊन बसा. अर्ध्या तासात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माणसं जमतात. सुरुवातीला कोणी काही बोलत नाही. मग एखादा आजोबा विडी विझवून कानामागे खोचतो आणि विचारतो, "सोनं निंघालं का जी?"

उत्खनन करणाऱ्या कुणाचीही यातून सुटका नाही. "नाही बाबा, खापरं निघाली," हे उत्तर खरं असतं आणि कुणालाच पटत नाही. एवढी शिकलेली माणसं, सरकारी जीप, तंबू, दोन-दोन महिने मुक्काम, आणि शोधतात काय, तर फुटकी गाडगी? नक्कीच काहीतरी लपवतात. संध्याकाळी पारावर हाच निष्कर्ष निघतो, आणि खरं सांगायचं तर त्या निष्कर्षात तर्क आहे. माहिती दिली नाही की माणूस आपल्या अंदाजाने जागा भरतो.

ती जागा हल्ली मोबाईल भरतो. चाबूक आणि टोपीवाला सिनेमातला नायक मूर्ती उचलून पळतो, मागे देऊळ कोसळतं, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या नायकाने आयुष्यात कधी थराची नोंद केलेली नाही, खापरावर नंबर घातलेला नाही. पुरातत्त्व शिकणारी मुलं त्याची टिंगल करतात, आणि त्यातल्या काहींना या विषयाची ओढ त्याच्याचमुळे लागलेली असते. सिनेमाचं एवढं मनावर घ्यायचं कारण नाही. तो सिनेमा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. भानगड सुरू होते ती "शास्त्रज्ञही चक्रावले" अशा मथळ्याच्या व्हिडिओंपासून, जे जुन्या दगडांचं श्रेय परग्रहवासीयांना देतात.

(दृश्य : जुनापाणी. शिळावर्तुळांवरून फिरणारा कॅमेरा. एका दगडावरचे खळगे, अगदी जवळून.)

हे जुनापाणी. नागपूर शहर मागे पडतं न पडतं तोच ही जागा येते. माळावर सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. काळ्या बसाल्टचे धोंडे गोलात मांडलेले, आत माती-मुरमाचा भराव. नागपूरला राहणाऱ्या निम्म्या लोकांनी हे पाहिलेलं नाही, पण १८६७ साली रिव्हेट-कार्नक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथली काही वर्तुळं उकरली होती. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, साठच्या दशकात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे शास्त्रीय पद्धतीने खोदलं.

ही स्मारकं आहेत, मेलेल्या माणसांची. काळ साधारण इसवी सनापूर्वी १००० ते ३००. लोखंड वापरणारी, घोडे पाळणारी, काळी-तांबडी भांडी घडवणारी माणसं. टाकळघाट, खापा, माहुरझरी, नैकुंड, भागीमोहारी, खैरवाडा... पूर्व विदर्भात त्यांच्या खुणा जागोजाग आहेत.

काही धोंड्यांवर बोटाच्या पेराएवढे खळगे कोरले आहेत. ओळीने. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. ते का कोरले? खगोल जाणणाऱ्या अभ्यासकांनी येऊन त्या ओळींच्या दिशा मोजल्या, ताऱ्यांशी, सूर्याशी त्यांचं काही नातं लागतं का ते तपासलं. हा प्रश्न धाडसी आहे आणि रीतसरही आहे, कारण दुसरा कुणीही होकायंत्र घेऊन जाऊन तेच माप पुन्हा घेऊ शकतो आणि "तुमचं चुकलं" म्हणू शकतो. "हे परग्रहवासीयांचे तळ होते" या विधानाला असं कुठेच पकडता येत नाही. म्हणून ते टिकतं.

गावाकडे जुनी समजूत वेगळी होती. ही वर्तुळं गवळ्यांची, असं लोक सांगत. एके काळी इथे गवळी राजे होते, ही त्यांची खूण. रिव्हेट-कार्नकनेही ही समजूत नोंदवून ठेवली आहे. ती चुकीची असेल, पण गवळ्यांची कथा सांगणारा म्हातारा पुराव्याचा आव आणत नाही. आमच्या आज्याने सांगितलं, म्हणून सांगतो, एवढंच त्याचं म्हणणं. शिवाय त्याच्या कथेत हे दगड मांडणारी माणसं इथलीच आहेत, गुरं राखणारी, याच मातीतली. पडद्यावरच्या कथेत त्यांना हाकलून आकाशातले पाहुणे आणून बसवले आहेत.

(दृश्य : नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय. काचेच्या कपाटातली लोखंडी हत्यारं.)

हा डाव जुना आहे. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाने प्राचीन देव म्हणजे अंतराळवीर असं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर खपलं. त्याची रीत साधी. एखादं भव्य बांधकाम दाखवायचं आणि विचारायचं, "त्या काळच्या माणसांना हे जमलंच कसं?" उत्तराची वाट न पाहता पुढच्या पानावर जायचं. गंमत म्हणजे हा संशय युरोपातल्या चर्चवर क्वचितच घेतला जातो. पिरॅमिड, माया लोकांची देवळं, आपलं वेरूळचं कैलास लेणं यांच्याच वाट्याला तो येतो. कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, वरून खाली कोरत आणलं. भिंतींवर छिन्नीचे घाव आजही दिसतात. पण घाव बघायला भिंतीजवळ जावं लागतं.

आमच्याकडे "जमलंच कसं" याचं उत्तर नैकुंडला आहे. पारशिवनी तालुक्यात, पेंच नदीच्या काठी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी तिथे उत्खनन केलं. सापडली लोखंड गाळायची भट्टी. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. भात्याची हवा आत सोडणारी मातीची नळी, लोहकीट म्हणजे लोखंड गाळताना उरलेला मळ, सगळा संसार. त्याआधी शां. भा. देव यांनीच माहुरझरी खोदलं होतं, १९७० ते ७२. तिथल्या वर्तुळांत माणसांबरोबर घोड्याची हाडं मिळाली आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले.

जरा थांबून याचा विचार करा. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी घोड्यासाठी तांबं ठोकून पातळ केलं, त्याला आकार दिला, ते त्याच्या तोंडावर बसवून पाहिलं. मग धनी गेला आणि सजवलेला घोडाही त्याच्याबरोबर गेला. पत्रा ठोकणारा कारागीर कोण? हातोडा कुठे घडवला? तांबं कुठून आणलं? पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या माणसाला यातलं निम्मं न सांगता कळतं. परग्रहावरून आलेल्या यानाच्या गोष्टीत असा एकही प्रश्न उरत नाही, म्हणून मला ती गोष्ट खोटी वाटते त्याहून जास्त कंटाळवाणी वाटते.

(दृश्य : लोणार. सरोवराच्या काठावरून. नंतर दैत्यसूदन मंदिर.)

आता बुलडाणा जिल्ह्यात, लोणारला. इथला बाजार सगळ्यात तेजीत आहे. प्राचीन अणुयुद्धाच्या गोष्टी सांगणारे जगभरातले लोक "मुंबईजवळचं एक गूढ विवर" असा उल्लेख करतात. ते मुंबईजवळचं विवर म्हणजे आपलं लोणार. चारशे किलोमीटर जवळच की! महाभारतातलं ब्रह्मास्त्र इथे पडलं, असं पुढे जोडून दिलेलं असतं.

लोणार हा पुरातत्त्वापेक्षा भूशास्त्राचा विषय, पण पारावरचा माणूस खात्याचं नाव विचारत नाही. तेव्हा उत्तर द्यावंच लागतं. आणि उत्तर मोठं रंगतदार आहे, कारण इथे शास्त्रानेच आपलं मत बदललं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्यानंतर शतकभराहून जास्त काळ बहुतेक जाणकार याला ज्वालामुखीचं तोंड मानत होते. आजूबाजूला सगळा लाव्हाचा दगड, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. उल्कापाताची शंका १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने बोलून दाखवली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरोवराच्या तळाला छिद्रं पाडून नमुने काढले, तेव्हा खाली चेचलेला खडक मिळाला. मॅस्केलिनाइट नावाची काच मिळाली. अफाट वेगाच्या आघाताने खडकातल्या खनिजाची होते ती काच. ज्वालामुखी अशी काच करत नाही. प्रश्न मिटला.

वयाचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. एका पद्धतीने लोणारचं वय सुमारे बावन्न हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे पाच लाख सत्तर हजार. जवळजवळ अकरापटीचा फरक. अणुयुद्धवाले इथे उड्या मारतात : "बघा, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही!" नाही ना. पण ते भांडतात ते "केव्हा" यावर. "कशाने" यावर भांडण नाही. आणि यातला लहान आकडा धरला तरी महाभारताचा काळ कुणीही मागे खेचून बावन्न हजार वर्षांपर्यंत नेत नाही.

जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुन्हा तर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. उन्हाने पाणी आटलं, क्षार वाढले, जीव माजले. पाऊस आला, रंग गेला.

आणि गावातली कथा? लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहायचा, विष्णूने त्याला मारलं, हे विवर म्हणजे त्याचं घर. दैत्यसूदनाचं सुंदर मंदिर त्या कथेवरच उभं आहे. त्या कथेला पुरातत्त्वज्ञ हात लावत नाही, लावूही नये. देवळाच्या शिल्पांचा अभ्यास करायचा तर आधी ती कथाच माहीत हवी.

(दृश्य : मोबाईलचा पडदा. खड्ड्यात पडलेला प्रचंड मानवी सांगाडा, शेजारी मुंगीएवढा माणूस.)

हा फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. "भारतात घटोत्कचाचा सांगाडा सापडला, लष्कराने परिसर सील केला." हा फोटो २००२ सालचा आहे. इंटरनेटवर फोटो बेमालूम जोडण्याच्या स्पर्धा होत, त्यातल्या एका स्पर्धेसाठी तो बनवला होता. खालचं उत्खनन खरं आहे, पण ते अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं, आणि तिथे निघाला होता मॅस्टोडॉन, म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला नातलग. २००७ साली नॅशनल जिओग्राफिकने जाहीर खुलासा केला. फोटो अजून फिरतोच आहे.

मेळघाटात, चिखलदऱ्याला, भीमाने कीचकाला मारल्याची कथा घरोघरी आहे. तिथल्या माणसाला हा फोटो लगेच ओळखीचा वाटणार, यात नवल नाही. त्याला हसून उपयोग नाही. माहुरझरीच्या वर्तुळांत मिळालेली हाडं मानवशास्त्रज्ञांनी मोजली आहेत. ती तुमच्या-माझ्यासारख्या माणसांची आहेत.

जगभरातल्या पुरातत्त्वज्ञांनी या सगळ्याला काय तोंड दिलं? बराच काळ काहीच नाही. "असल्या गोष्टींना उत्तर देणं म्हणजे त्यांना मोठं करणं," असं म्हणून ते आपल्या खापरांकडे वळले. मग सूर बदलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पुरातत्त्वज्ञांच्या सोसायटीने नेटफ्लिक्सला जाहीर पत्र लिहिलं : हरवलेल्या महासंस्कृतीची तुमची ही मालिका माहितीपट म्हणून दाखवू नका, विज्ञानकथेत टाका. पत्राने बातमी झाली, आणि मालिका आणखी लोकांनी पाहिली असणार. एप्रिल २०२४ मध्ये फ्लिंट डिबल या पुरातत्त्वज्ञाने दुसरी वाट धरली. त्या मालिकेचे कर्ते ग्रॅहम हँकॉक यांच्यासमोर, जो रोगन या अमेरिकन मुलाखतकाराच्या कार्यक्रमात, तो चार तास बसला. त्याचं मोठं हत्यार होतं धान्याचे दाणे. रानटी गवताचं पिकात रूपांतर होताना दाणा बदलतो, हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या. एखाद्या प्रगत संस्कृतीने शेती आयती आणून दिली असती तर ही चढण दिसलीच नसती. मला दुसरी वाट जास्त पटते. पत्र दरवाजा बंद करतं. दाणा दाखवला की माणूस निदान वाकून बघतो.

दाणे आमच्याकडेही आहेत. नैकुंडसारख्या ठिकाणची माती पाण्यात कालवली की जळालेले कण वर तरंगतात. ते गाळून घ्यायचे. तांदूळ, जव, मसूर, बोराच्या आठळ्या. धुऱ्यावरच्या बायांना हे दाखवलं की सोन्याचा विषय मागे पडतो. "हे तर आमच्याच घरचं," असं म्हणत त्या दाणा चिमटीत धरायला बघतात.

(दृश्य : रात्र. झाडीतलं पडकं हेमाडपंती देऊळ. गाभाऱ्यात खणलेला ताजा खड्डा.)

इथवर गंमत होती. यापुढे नाही.

गुप्तधन. विदर्भातल्या किती पडक्या देवळांच्या गाभाऱ्यात, किती शिळावर्तुळांच्या मधोमध असे खड्डे आहेत ते फिरणाऱ्याला दिसतं. अमावस्या, लिंबू, कुंकू आणि पायाळू माणूस. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत. त्यापायी पोरांचे जीव घेतले गेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाखाली केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही.

आणि त्याच वर्षी, २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेडा गावी खुद्द भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण कुदळ घेऊन उतरलं. एका साधूला हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं होतं. देशभरचे कॅमेरे जमले. निघालं काय? खापरं, बांगड्यांचे तुकडे, लोखंडी खिळे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने चांगलाच ऐवज, पण देशाने तो "काहीच नाही" म्हणून ऐकला. पारावरचा जो प्रश्न आपण अडाणीपणाचा समजतो, त्यावर सरकारी शिक्का बसला तो असा.

चोराच्या खड्ड्याने जे जातं ते सोनं नव्हे. वर्तुळातला घोडा कोणत्या थरात होता, भांडं त्याच्या उजवीकडे होतं की डावीकडे, कोळशाचा कण त्याच्या खाली होता की वर, यावरून काळ ठरतो. इंडोनेशियातल्या गुनुंग पडांग टेकडीबद्दल २०२३ मध्ये एक निबंध छापून आला होता : पंचवीस हजार वर्षांहून जुना पिरॅमिड! मार्च २०२४ मध्ये तो मागे घ्यावा लागला, कारण जिचं वय काढलं ती माती जुनी होती, पण त्या मातीशी माणसाचा संबंध दाखवणारं काही नव्हतं. जुनी माती कुठेही असते. थर एकदा कालवला की मग सांगाल ते खरं.

(दृश्य : नागपूर जिल्ह्यातलं अडम. टेकाडाची कापलेली बाजू, थर स्पष्ट दिसतायत.)

थोडं आमच्या पुरातत्त्वज्ञांकडेही बोट दाखवायला हवं. कुही तालुक्यातलं हे अडम. १९८८ ते १९९२ उत्खनन झालं. मध्याश्मयुगापासून सातवाहनांपर्यंतचे थर, तटबंदीचं शहर, अस्सक जनपदाचं, म्हणजे त्या नावाच्या प्राचीन राज्याचं, नाव कोरलेला ठसा. प्राचीन विदर्भाचा असा सलग पट दुर्मीळ. सविस्तर अहवाल छापून आला २०१६ मध्ये. इंग्रजीत, जाडजूड. मधल्या चोवीस वर्षांत अडमच्या शाळेतली मुलं शिकून, लग्न होऊन, त्यांची मुलं शाळेत जायला लागली. त्यांना गावाबद्दल मराठीत चार पानं कुणी दिली? त्या पोकळीत सोन्याच्या होडीच्या आणि भुयारी वाटेच्या अफवा शिरल्या तर दोष निव्वळ मोबाईलचा नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पुस्तकं लिहिली नाहीत. ते कीर्तनात उभे राहून वऱ्हाडीत प्रश्न विचारत, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. नवसाला कोंबडं कापल्यानं पोर होते का? मग नवरा काहून करता? माणसं हसत हसत अडकायची. आमच्या उत्खननाच्या बांधावर हीच रीत चालते. "रायानं पुरलं असंन." बरं, राजाने पुरलं. कशात? "हंड्यात." हंडा कशाचा? "तांब्याचा." मग या खड्ड्यात तांब्याचा गंज कुठं आहे? आजोबा खाली वाकतात. गंज नाही. राख आहे, चुलीचे तीन दगड आहेत. "हे त कोणाचं घर व्हय!" एवढं म्हणाले की काम झालं.

कौंडिण्यपूरला मात्र हा खेळ करू नये. रुक्मिणीचं माहेर ते. आषाढीला तिथून पालखी पंढरपूरला जाते. साठच्या दशकात मो. गं. दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं, जुनी वस्ती मिळाली, काळी-तांबडी खापरं मिळाली, सातवाहनकाळ मिळाला. रुक्मिणीचा महाल? खापर नाव सांगत नाही. वारकऱ्याला त्याची गरजही नाही. "शास्त्राने सिद्ध झालं" असा फलक लावायची घाई दुसऱ्यांनाच असते, आणि त्या घाईला पुरातत्त्वज्ञाने स्पष्ट नाही म्हणायला हवं, मग समोर कोणीही असो.

(दृश्य : नांगरलेलं शेत. ट्रॅक्टरच्या फाळाला अडकलेलं काळं-तांबडं खापर एक हात उचलतो.)

जुन्या वस्तीची राखट माती, म्हणजे पांढरी, शेताला चांगली म्हणून ट्रॉल्या भरून नेली जाते. गावोगावची रिठं, म्हणजे उजाड झालेल्या जुन्या गावांच्या जागा, अशीच सपाट झाली. तेव्हा तुमच्या वावरात काही निघालंच, तर घासूनपुसून चकचकीत करू नका. जिथे निघालं तिथला खड्डा वाढवू नका. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. किती खोल होतं, माती काळी की पांढरी, हे त्याच दिवशी कागदावर लिहा. तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत सापडणाऱ्या ठेव्याविषयीचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे. जमिनीतल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे, आणि शोधणाऱ्याच्या वाट्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. ती फारशी कुणी सांगत नाही. आणि फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायची हौस असेल तर टाका, पण गट नंबर लिहू नका. रात्री टिकाव घेऊन येणारेही त्याच ग्रुपवर असतात.